दिसलेला श्वास

“उद्यापास्नं येऊ नगंस म्हणाले सायेब,” हजेरीच्या खिडकीशी गवराबाई म्हणाली. “म्हमईहून मी ताप आणला म्हनं! ज्योतीरामभाऊ, मला साधी शिंक तरी आलीया का?”

ज्योतीराम मस्टरमध्ये मान घालून बसला. चिंचवड स्टेशनजवळच्या त्या मटण डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तो सहा वर्षं हजेरी लिहीत होता, एकदाही न चुकता. पण साहेबासमोर त्याच्या तोंडून धड एक वाक्य कधी फुटलं नव्हतं. सत्तावन्न साली फ्लूची साथ आली आणि आठवड्यात अकरा माणसांनी अंथरूण धरलं. गवराबाई नुकतीच मुंबईहून, भाचीच्या लग्नाहून परतलेली. खापर फोडायला आयतं डोकं मिळालं.

नावांवरून बोट फिरवता फिरवता तो एकाएकी थबकला. अकराच्या अकरा मटण कापायच्या थंड खोलीतले! बाहेर हौदावर गवराबाईशेजारी डबे धुणाऱ्या सहाही बायका ठणठणीत!

तो ताडकन उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने थंड खोलीचं जाड दार ढकललं.

आत हाडं कापायची विजेची करवत किंचाळत होती. लांबलचक टेबलाशी माणसं खांद्याला खांदा भिडवून उभी.

“आरं मांडी दे, मांडी! बहिरा झाला का?” भैरू शेजारच्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडला.

दिव्याखाली भैरूच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि शेजारच्याच्या नाकाशी घुटमळली. तो खोकला, त्याची वाफ पलीकडच्याच्या चेहऱ्यावर. दार बंद, खिडकी नाही. वाफ जाणार कुठे?

“सापडलं!” ज्योतीराम ओरडला. करवतीपुढे कुणाला ऐकू गेलं नाही.

तो धावतच सुटला. मॅनेजर यशवंतरावांचा चक्क हात धरून त्याने त्यांना आत आणलं. आपण हे करतोय, यावर त्याचाच विश्वास बसत नव्हता.

“बघा साहेब! पेपरात आलंय, हा ताप श्वासानं पसरतो. इथं श्वास डोळ्यांना दिसतोय!”

“दार उघडं टाकलं तर माल नासेल, राव.”

“दार राहू द्या. माणसं दोन हात लांब उभी करा. ओरडणं बंद, हातानं खुणा. अधूनमधून करवत थांबवून सगळ्यांना मोकळ्यावर सोडा. ताप कुणी आणला देव जाणे, साहेब. पण वाटला या खोलीनं. ती बाई तर इथं पाऊलही टाकत नाही!”

यशवंतराव त्या वाफेकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच रुमाल काढून नाकाला लावला.

“तिला उद्या यायला सांगा,” ते रुमालाआडून म्हणाले.

पाच दिवसांनी गवराबाई पेजेचा डबा घेऊन गावठाणातल्या ज्योतीरामच्या खोलीशी आली. थंड खोलीतून आल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी त्याला कणकण आली होती. मस्टर मिटण्याआधी त्याने दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे, त्याच वळणदार अक्षरात, सहा वर्षांतलं पहिलं ‘गैरहजर’ लिहून ठेवलं होतं.

“भाऊ, कालपास्नं एकबी नवा पडला न्हाई!” ती उंबऱ्यातूनच हरखून म्हणाली आणि आत यायला निघाली.

अंथरुणावरून त्याने तळहात वर केला. थंड खोलीत आता ‘थांब’ म्हणायला हीच खूण करत.

गवराबाई थांबली. डबा उंबऱ्यावर ठेवून ती दोन हात मागे सरली.