सम्राटच्या हातातून काढून घेतलेला माईक

मी माईक बोलतोय. माईक म्हटलं की आधी कुणीतरी बोटानं टकटक करणार, फू फू करणार, मग "हॅलो, हॅलो" म्हणणार, याची तुम्हाला सवय. आज तसलं काही नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवत आलोय. आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. माझी पहिली आठवण आहे ती कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाची. शेजारी लग्नात लावायचे कर्णे, वायरींची भेंडोळी, समोर धुळीनं भरलेली काच. एका दुपारी पांढराशुभ्र सदरा घातलेले एक उंच गृहस्थ आले. त्यांनी मला हातात घेतलं आणि दुकानदारानं काही विचारायच्या आत एका गीताची ओळ म्हणाले. काय आवाज होता तो! माझ्या जाळीच्या आत खोलवर थरथर झाली.

"ह्योच द्या," ते म्हणाले. "देवाच्या घरी न्यायचाय."

ते होते आकाराम सातपुते. सगळे त्यांना आकारामअण्णा म्हणत. उचगावच्या बाजूला पत्र्याच्या छपराचं आमचं छोटं चर्च आहे. तिथल्या मंडळीचे ते पंच. पाळकसाहेब उपदेश करत, पण सूचना सांगणं, प्रार्थना चालवणं आणि मुख्य म्हणजे शास्त्रपाठ, बायबलमधला त्या दिवसाचा उतारा, वाचणं, हे सगळं अण्णांकडं.

अण्णांनी आयुष्यभर फौंड्रीत काम केलं. विसाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. जुन्या पाळकांनी कामावरून आल्यावर रोज तासभर बसवून त्यांना वाचायला शिकवलं होतं. म्हणून वाचनाला उभे राहिले की त्यांची पाठ ताठ व्हायची. एक वेलांटी चुकायची नाही. उपासना संपली की ते मला पिवळ्या फडक्यानं पुसत, कपाटात ठेवत आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकत. माझ्यावर त्यांचं प्रेम होतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं ते ऐकून तुम्ही त्यांना दुष्ट समजाल.

मंडळीत पंधरा-वीस तरुण पोरं-पोरी होती. त्यांना तरुण संघ म्हणत. नाताळात नाटक बसवायचं, एरवी सतरंज्या अंथरायच्या, गाड्या नीट लावून घ्यायच्या, चहा द्यायचा, एवढंच त्यांचं काम. अण्णांची नात क्रांती त्यांच्यात पुढं असायची. नर्सिंगला होती, बोलायला सडेतोड. ती कधी म्हणाली, "आजोबा, एखादा पाठ आमच्यातल्या कुणाला वाचू द्या की," तर अण्णांचं उत्तर ठरलेलं.

"पोरं हायत ती. वचन वाचायला वय लागतंय."

मग आला २०१९ चा महापूर. पंचगंगा गावात शिरली. अण्णा त्या दिवशी नातेवाइकांकडं कागलला गेले होते. हायवेवर पाणी आलं आणि ते तिकडंच अडकले. इकडं आमच्या चर्चमध्ये खालच्या वस्तीतली माणसं येऊ लागली. भिजलेली, हातात गाठोडी, काखेत लेकरं. कोण सुटलंय, कोण अजून छपरावर आहे, कुणालाच पत्ता नव्हता. क्रांतीनं घरून कपाटाची दुसरी किल्ली आणली. वीज गेलेली, तर पोरांनी एका टेम्पोची बॅटरी काढून आणली. आणि पहिल्यांदाच मी अण्णांचा सोडून दुसऱ्या हातात गेलो.

तो हात सम्राटचा होता. सोळा वर्षांचा, काटकुळा पोरगा. वडील नाहीत, आई शालूबाई चार घरची धुणीभांडी करायची. सम्राट बोलताना अडखळायचा. एखाद्या अक्षराला अडकला की अडकला. पण त्याचं अक्षर चांगलं, म्हणून आलेल्यांची नावं तोच लिहून घेत होता, आणि कागद हातात होता म्हणून मलाही त्यालाच दिलं.

"झु... झुंबरबाई लोहार! तुमचा नातू सा... सापडलाय! कुतुबुद्दीनचाचा, बि... बिबीजान बाहेर ना... नावेतनं उतरल्यात!"

चार दिवस तो नावं वाचत होता. अडकायचा, थांबायचा, पुढं जायचा. एकही माणूस हसलं नाही. पुढचं नाव आपल्या माणसाचं असेल म्हणून सगळे श्वास धरून बसलेले. झुंबरबाई तर धावत येऊन त्याच्या गळ्यातच पडली. तिच्या रडण्याचा आवाजही मी सगळ्यांना ऐकवला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले चार दिवस.

पाणी उतरलं. अण्णा परतले. त्यांनी पोरांचं कौतुक केलं, प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मला पुसलं, कपाटात ठेवलं, किल्ली खिशात टाकली.

तीन वर्षांनी नवे पाळकसाहेब आले. त्यांनी हट्टच धरला की वर्षातला एक रविवार तरी तरुणांनी चालवायचा. अण्णा आठ दिवस धुसफुसत होते. शेवटी म्हणाले, "करा. पण वाचन नीट झालं पायजे." क्रांतीनं वाचनासाठी सम्राटचं नाव दिलं.

"मला न... न्हाय जमायचं," सम्राट म्हणाला.

"पुरात कोण वाचत होतं मग?"

महिनाभर तो सराव करत होता. शनिवारी संध्याकाळी दोघं घरातली दुसरी किल्ली घेऊन रिकाम्या चर्चमध्ये यायची आणि मला बाहेर काढायची. क्रांती सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसायची. "अडकलास तर थांब," ती तिथून ओरडायची. "श्वास घे. आम्ही कुठं पळून जात न्हाय." त्याला सगळ्यात अवघड जायचा 'प'. आणि त्या पाठात 'परमेश्वर' हा शब्द सात वेळा होता. 'प' म्हटलं की माणसाच्या तोंडातून वाऱ्याचा धक्का येतो. तो थेट माझ्यावर आदळतो. म्हणून मला माहीत आहे, शेवटच्या शनिवारी तो सातही वेळा पोचला होता. कधी दोन धक्क्यांत, कधी सहा. पण पोचला होता.

रविवार उजाडला. शालूबाईंनी लेकासाठी आकाशी रंगाचा शर्ट घेतला होता, तो त्यानं इस्त्री करून घातला होता. त्या स्वतः तिसऱ्या बाकावर बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. चर्च भरलेलं. सम्राट पुढं आला. त्याचा तळवा ओला होता, पण पकड घट्ट होती.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीवर 'परमेश्वर' आला.

"प... प... प..."

तो थांबला. शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला. पुन्हा, "प... प..." बाकांवर चुळबूळ झाली. कुणीतरी खोकलं. एक लहान पोर हसलं. मागं क्रांती अर्धवट उठून उभी राहिली होती, ओठ हलवत होती, थांब, थांब. आणि मला सांगायचंय ते हेच, की तो शब्द येत होता. पुढचा धक्का जरा मऊ आला होता. अजून एक, फार तर दोन.

पण पहिल्या बाकावरून अण्णा उठले. ते रागात नव्हते. त्यांचा चेहरा कळवळलेला होता. त्यांनी सम्राटच्या खांद्यावर हात ठेवला, "ऱ्हाऊ दे बाळा, बस," म्हणाले आणि त्याच्या मुठीतून मला काढून घेतलं. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

मग अण्णांनी तो पाठ पहिल्यापासून वाचला. त्यांच्या सुंदर, खणखणीत आवाजात. एक वेलांटी चुकली नाही.

सम्राट बाकावर बसला नाही. बाकांच्या दोन रांगांमधून चालत गेला आणि दाराबाहेर पडला.

उपासना संपल्यावर क्रांती आजोबांसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झाले होते.

"का केलंत असं?"

"पोरगं घामाघूम झालतं, क्रांती. सगळ्यांसमोर लाज जात होती त्याची. वाचवलं मी त्याला."

"तो पोचला असता, आजोबा."

अण्णा पिवळं फडकं घेऊन मला पुसत राहिले.

सम्राट परत आला नाही. त्याच्या जवळची दोन पोरं यायची बंद झाली. मग गिटार वाजवणारा आपली गिटार घेऊन गेला. कुणाला पुण्यात नोकरी लागली, कुणाला बेंगळुरूला. पण गावात राहिलेलीही यायची थांबली. भांडण झालं नाही. पोरांच्या बाजूचे बाक एकेक करून रिकामे होत गेले, तेवढंच. शिक्षण संपल्यावर क्रांतीही पुण्याच्या दवाखान्यात लागली. कधीमधी सुट्टीला यायची.

दीड वर्षानं अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. महिन्या-दोन महिन्यांनी थोडे शब्द परत आले, पण तेही ओढून ओढून. तरी एका रविवारी त्यांनी मला मागितलं. डाव्या हातात धरलं. डोळ्यांपुढं पाठ होता, त्यांना तो तोंडपाठ होता, आणि तोंडातून फक्त वारा येत होता. समोरच्या माणसांनी माना खाली घातल्या. पाळकसाहेब जागचे हलले नाहीत. कितीतरी वेळ गेला. शेवटी अण्णांनीच मला खाली ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात क्रांती सुट्टीवर आली. अण्णांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि तिला खुणेनं सांगितलं, चल. दोघं हुपरीच्या एसटीत बसली. सम्राट आता हुपरीत एका घरगुती कारखान्यात चांदीचे पैंजण जोडायचं काम करत होता.

लहानशी खोली, खाली अंथरलेलं पोतं, त्यावर मांडी घालून बसलेला सम्राट. अंगानं भरला होता, दाढी आली होती. अण्णांना दारात बघून त्यानं पैंजण जोडायच्या गॅसची ज्योत बारीक केली आणि उठून त्यांचा हात धरला.

"या अण्णा. ब... बसा."

अण्णा बसले. बोलायला लागले.

"मा... मा..."

शब्द येईना. चेहरा लाल झाला, ओठाच्या कडेनं लाळ आली. क्रांतीला बघवेना. "आजोबांना म्हणायचंय की—" तिनं सुरुवात केली.

सम्राटनं हात वर केला. "थांब. त्यांचं त्यांना बोलू दे."

आणि तो थांबला. रस्त्यावरून एक एसटी गेली, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तो अण्णांच्या तोंडाकडं बघत बसला होता. चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, कीव नव्हती.

"मा...फ कर," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून मला काढून सम्राटच्या हातात दिलं. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं. जाळीवरून अंगठा फिरवला. वाटलं, आता तो मला तोंडाजवळ नेईल. पण त्यानं मला परत पिशवीत ठेवलं.

"माफ कवाच केलंय, अण्णा. माझ्या मनात राग न्हाय. देवालाबी सोडलं न्हाय मी. इथं काम करता करता गीतं म्हणतो." तो बराच वेळ अडकला, मग म्हणाला, "पण तिथं येणार न्हाय. त्या जागेवर उभं ऱ्हायचं म्हटलं की माझी बो... बोटं अजून सोडवल्यासारखी वाटत्यात. त्याला मी काय करू?"

अण्णांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं. परतीच्या एसटीत त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. त्यांचं अंग हुंदक्यांनी हलत होतं आणि मी सगळं ऐकत होतो. पण मला वीज जोडलेली नव्हती, मी कुणाला काय ऐकवणार?

त्यानंतर अण्णांनी कपाटाची किल्ली पाळकसाहेबांना देऊन टाकली. तेव्हापासून मी पुढच्या मेजावर उघडाच असतो. ज्याला हवं त्यानं घ्यावं. घेणारं कुणी उरलेलं नाही.

मागच्या रविवारी उपासनेला अकरा माणसं होती. केस काळे असलेलं एकही नाही. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचं आहे का?" नेहमीप्रमाणे कुणी हललं नाही. आणि मग शालूबाई उठल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याजवळ कधी आल्या नव्हत्या. मला कुठं धरायचं तेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, गरम पातेलं धरतात तसं.

"तुम्ही दर आयतवारी माझ्या सम्राटसाठी प्रार्थना करता. त्यो परत यावा म्हणून. आज त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी करा." त्यांनी मला आणखी जवळ धरलं. "त्या दिवशी मी हितंच बसलेली. माझं पोरगं अडकलं तवा मी खाली बघितलं. मलाच लाज वाटली. अण्णा उठलं तवा मला बरं वाटलं. सुटलो, म्हटलं. दुसरं कोण न्हाय तर आईनं तरी म्हणायचं की, थांबा, माझं पोरगं वाचतंय. मी न्हाय म्हटलं."

अण्णा पहिल्या बाकावर रडत होते. मागून एक म्हातारा आवाज आला, "मीबी खालीच बघितलं, शालूबाई." मग दुसरा. मग तिसरा. मी सगळं पोचवलं, पत्र्यापर्यंत, दाराबाहेर, रस्त्यापर्यंत. पण ज्या पोरांनी हे ऐकायला हवं होतं, त्यांच्यातलं एकही तिथं नव्हतं.

माझी वायर आता दोन ठिकाणी तुटते. फार दिवस राहिले नसतील. तेव्हा जायच्या आधी हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. तुमच्याकडं एखादं पोर, एखादी पोरगी पहिल्यांदा पुढं येऊन उभी राहील. चुकेल, अडकेल, घामाघूम होईल. तुम्ही त्याच्या तोंडाकडं बघत बसा. मान खाली घालू नका, उठू नका, आणि मला त्याच्या हातातून काढून घेऊ नका. त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे. मला कसलीच घाई नाही.