बर्फातला रोहू

मेलेल्या माशाच्या तोंडात गळ अडकवणं सोपं असेल, असं विनोदला वाटलं होतं. बेशरमाच्या झुडपाआड उकिडवा बसून तो पाच मिनिटं खटपट करत होता आणि मासा काही तोंड उघडायला तयार नव्हता. चांगला हातभर रोहू होता, बर्फातून काढलेला, लाकडासारखा कडक. शेवटी त्याने खिशातला पेचकस काढला, इंजिनाचं झाकण उघडावं तसा माशाचा जबडा उघडला आणि गळ आत सारला. त्या नादात स्वतःचा अंगठाही टोचून घेतला.

वरून, जिथे स्कूटर उभी होती तिथून, दिव्यानीचा आवाज आला.

"बाटली कुठी ठेवली?"

"डिक्कीत हाय!"

डिक्कीचं झाकण वाजलं. मग पुन्हा तिचा आवाज.

"डिक्की ओली काऊन हाय?"

विनोदच्या हातून पेचकस पडला. मासा तासभर डिक्कीत होता. चैत्राच्या उन्हात बर्फ वितळणारच, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाटली गळत असन!" तो ओरडला आणि घाईघाईने मासा दोरीसकट डोहात सोडून मोकळा झाला.

दिव्यानी नऊ वर्षांची. विनोद तिचा बाप नव्हता. म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपर्यंत नव्हता. तिचा बाप ती दोन वर्षांची असताना तापाने गेला. यंदा माघात तिच्या आईशी, रंजीताशी, विनोदचा पाट लागला आणि तो जिवतीकडच्या पहाडावरून वैनगंगेकाठच्या या गावात राहायला आला. रंजीताची अंगणवाडी इथे होती, आणि मोटरसायकली काय, कुठेही बिघडतात. फाट्यावर त्याने दुरुस्तीचं दुकान टाकलं.

लग्नाची बोलणी चालू होती त्या दिवशीची गोष्ट. मोठ्या माणसांचं सगळं विचारून झालं, चहा झाला, आणि दाराआड उभी असलेली ही पोर पुढे आली. तिला एकच प्रश्न विचारायचा होता.

"तुमाले गरी टाकता येते का?"

गावातल्या पोरांना गळाने मासे धरायला त्यांचे बाप नदीवर नेत, काके नेत. कुठल्या पोराने केवढी मासोळी काढली याच्या बाता शाळेत आठवडाभर चालत. हिला नेणारं कोणी नव्हतं, आणि एकटीने काठावर जायला आईची सक्त मनाई. यातलं विनोदला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की पोर श्वास धरून उभी आहे.

"येते तं!" तो म्हणाला. "लहानपणापासून."

त्याच्या वस्तीला नदी नव्हती. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याला टँकर यायचा. मासा त्याने पाहिला होता तो बाजारात नाहीतर ताटात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण शब्द तोंडातून गेला तो गेला. कपबशा उचलता उचलता रंजीताने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. लाजली असेल, असं तो समजला.

मार्कंड्याच्या जत्रेतून त्याने गळांचं पाकीट आणलं, बांबूची काठी तासली, तिला तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, बांधला. पहिल्या रविवारी गळ त्याच्याच सदऱ्याच्या पाठीत अडकला. दुसऱ्या रविवारी कणकेची गोळी पाण्यात पडल्या पडल्या विरघळून गेली. माशांना फुकटचं जेवण. तिसऱ्या रविवारी पलीकडच्या काठावर पोरं एकामागून एक मासोळ्या काढत होती आणि दर वेळी या दोघांकडे बघून ओरडत होती. त्या दिवशी घरी येताना दिव्यानी पुढे चालत होती. मागे वळून न पाहता ती म्हणाली,

"राहू द्या. पुढल्या रविवारी मी येत नाई."

ती रागावली असती तर विनोदला चाललं असतं. तिचा आवाज समजूतदार होता, आणि तेच त्याला झोंबलं. या घरात त्याला येऊन तीन महिने झाले होते आणि पोरीने त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. ती काही रडली-रुसली नसती. शहाण्यासारखी वागली असती, त्याला जेवायला वाढलं असतं, आणि पुन्हा कधी काही मागितलं नसतं. आठवडाभर तो दुकानात याच विचारात होता. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं मागचं चाक त्याने उलटं बसवलं.

मग शनिवारी रात्री "एक डाव, फक्त एक डाव" अशी दिव्यानीची मनधरणी केली, आणि रविवारी उजाडताच फाट्यावर मासे विकणाऱ्या बुधरीबाईसमोर जाऊन उभा राहिला. तिचा मासा आंध्राकडून टेम्पोने यायचा, बर्फाच्या पेटीतून.

"बाप्पा, जवाई! सकाळी सकाळी मासोळी? पावने हायेत का?"

"हाव. दे लवकर बांधून."

ओळखीचं कोणी दिसतं का हे बघत तो रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मागे बुधरीबाईची पावशी, म्हणजे विळी, सवयीने खर्र खर्र चालत होती. पावशीच्या पात्यावर माशाचं काय चाललं आहे, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. पिशवी हातात आली तशी त्याने ती डिक्कीत कोंबली आणि पोरीला आणायला घरी पळाला.

आता दिव्यानी बाटली गालाला लावून उतारावरून खाली आली.

"फ्रिजमधल्यावानी थंडी हाय बाटली," ती खुशीत म्हणाली.

"सावलीत होती न," विनोद म्हणाला. "शूऽऽ! हालू नको. काहीतरी वढून राह्यलं!"

आणि मग त्याने जे काही केलं ते पाहण्यासारखं होतं. तो काठीवर मागे रेलला, वाळूत पाय रोवले, डावीकडे धावला, उजवीकडे धावला, "अरे बापा, सोडत नाई लेकाचा!" म्हणून ओरडला. पाण्यात काहीच हलत नव्हतं. पण पलीकडची पोरं उभी राहून बघायला लागली, त्यामुळे त्याला चेव आला. शेवटी एक जोराचा हिसका देऊन तो पाठीवर पडला आणि रोहू हवेतून येऊन धप्पकन वाळूत आदळला.

पडल्यावर रोहू तसाच पडून राहिला.

"दमला बिचारा," विनोद धापा टाकत म्हणाला.

दिव्यानी गुडघ्यांवर बसली. तिने दोन्ही हातांनी मासा उचलला, लगेच खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग डोहात हात घालून बघितला. मासा उलटा करून त्याचं पोट पाहिलं. विनोदचं लक्ष पलीकडच्या पोरांकडे होतं. तो त्यांना हात हलवून दाखवत होता.

"केवढा हाय न?" त्याने विचारलं.

"लय मोठा हाय," दिव्यानी म्हणाली, आणि मासा पोट खाली करून पिशवीत ठेवला.

घरी येईपर्यंत ती मागच्या सीटवर पिशवी मांडीत धरून गप्प बसली होती. आनंदाने बोलती बंद झाली असेल, असं विनोदने मानलं. स्वतःवर तो इतका खूश होता की वाटेत दोनदा शिट्टीही वाजवली.

रंजीता अंगणात पावशी घेऊन बसली. परातीत मासा घेतला, पातं धुतलं, आणि मासा उताणा केला. मग तिचा हात थांबला.

माशाचं पोट गळ्यापासून शेपटीपर्यंत सरळ चिरलेलं होतं. आत काही नव्हतं. गलफडं, म्हणजे कल्ले, तेसुद्धा काढलेले होते.

विनोदच्या कानात ऊन शिरल्यासारखं झालं. बुधरीबाईची खर्र खर्र त्याला आत्ता ऐकू आली. पितळ उघडं पडायला एवढा मुहूर्त बरा सापडला, पोरीच्या समोर.

"ओ," रंजीता सावकाश म्हणाली, "याचं पोट कोन चिरलं?"

विनोदने तोंड उघडलं.

"मी चिरलं," दिव्यानी म्हणाली.

"तू?"

"नदीवरच. कंपासातल्या ब्लेडनं."

"आन् आतलं?"

"पाण्यात टाकलं. मासे खातेत."

रंजीताने लेकीकडे पाहिलं. लेक डोळा न लववता आईकडे पाहत होती. मग रंजीताने नवऱ्याकडे पाहिलं. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

"बरं," ती म्हणाली आणि पोट चिरायला घेतलेली पावशी भिंतीला टेकवून ठेवली. "लसून सोल मंग."

रोहूचा रस्सा चांगला झाला. विनोद मात्र नुसता भात चिवडत होता. दिव्यानीने दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. उन्हाने रस्ता ओस पडला होता. विनोद एका गाडीची चेन बसवत होता. ती उलट्या बादलीवर बसली आणि पाय हलवायला लागली.

"बुधरीमावशी म्हने, कनकेत कापूस पिंजून मळाचा. मंग गोळी इरघळत नाई."

विनोदने चेन खाली ठेवली.

"तू तिले काय सांगितलं?"

"काई नाई. तिनंच इचारलं, जवाईले मासोळी आवडली का म्हने."

विनोदने हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

"दिव्या, तो मासा..."

"मले मालूम हाय."

"कवापासून?"

"हात लावला तवाच. थंडागार होता. डोहातलं पानी तं कोमट हाय."

"मंग आईले काऊन नाई सांगितलं?"

तिने पायाच्या अंगठ्याने ऑइलच्या डागावर एक रेघ ओढली.

"आई हासली असती," ती म्हणाली. "मंग तुमी पुढल्या रविवारी आलेच नसते."

विनोदला गलबलून आलं. आठवडाभर ज्या भीतीने त्याची झोप गेली होती, तीच भीती या एवढ्याशा पोरीलाही होती. त्याने आधीच आवळलेला एक नट पुन्हा आवळला.

"मले गरी टाकता येत नाई," तो शेवटी म्हणाला. "कवाच येत नव्हती."

"हाव न," दिव्यानी म्हणाली. "मले पन नाई येत."

पुढल्या रविवारी दोघांनी देवघरातल्या वातींचा कापूस पिंजला आणि कणकेत मळला. बुधरीमावशीने आणखीही सांगितलं होतं: सूर्य तोंडावर घ्यायचा, म्हणजे सावली पाण्यात पडत नाही, आणि तोंड बंद ठेवायचं. पहिलं जमलं. दुसरं विनोदला जड गेलं. तो दर दोन मिनिटांनी कुजबुजायचा आणि दिव्यानी त्याच्या गुडघ्यावर चापट मारायची.

ऊन चढलं. पलीकडची पोरं घरी गेली. पाण्यावर तरंगणारा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा एकदा हलला, थांबला, आणि बुडाला.

काठी दिव्यानीच्या हातात होती. ती धावली नाही, की ओरडली नाही. तिने नुसता हात वर केला. तंगुसाच्या टोकाला बोटाएवढी एक मासोळी तडफडत होती, चांदीसारखी चमकत. विनोदच जागच्या जागी नाचायला लागला, आणि नाचता नाचता गुडघाभर पाण्यात गेला.

दिव्यानीने मासोळी गळातून सोडवली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"पाहा, थंडी नाई."

मासोळी त्याच्या मुठीत धडपडत होती. खरंच थंड नव्हती.

घरी येताना ही मासोळी कशी काढली ते दोघांनी एकमेकांना तीनदा सांगितलं, जणू दुसरा तिथे नव्हताच. अंगणात शिरताच दोघं रंजीतासमोर जाऊन उभी राहिली. दिव्यानीने ओंजळ पुढे केली.

रंजीताने मासोळी हातात घेतली. आधी ती उलटी करून पोट पाहिलं. पोट साबूत होतं. बोटाने गलफडं उचकून पाहिली. तीही जागच्या जागी, लालभडक.

तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. विनोदची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि दिव्यानीच्या केसांना कणीक लागली होती.

"आज पावशी लागन," ती म्हणाली आणि आणायला आत गेली.