ट्यूनेबाईंच्या रक्तातला आकडा

मित्रांनो, मी रक्त तपासायची एक जुनी मशीन आहे. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. बोट टोचून काढलेला थेंब मला द्या, शरीरात किती दाह आहे ते मी सांगते. स्वभावाने मी खुनशी आहे. अपमान विसरत नाही.

ट्यूनेबाई दर हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याला भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायच्या. बर्फ भक्कम असला, तरच त्यावरून बेटाकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेने खुणेच्या फांद्या रोवायच्या; मग गाड्या सुटायच्या. पण बर्फ वर्षागणिक पातळ होत चालला. त्या धसक्याने बाईंची झोप उडाली, सांधे सुजले. पाचच्या आत हवा तो आकडा माझ्या पडद्यावर तेरावर गेला. ताप नव्हता, खोकला नव्हता.

"काळजीनं दाह वाढत असेल का हो, डॉक्टर?" नर्स रौनीने विचारलं. "त्यावर संशोधन चाललंय म्हणे."

डॉक्टर वेइयो खो खो हसले. "हवामानाची काळजी, आणि ती रक्तात? मशीन म्हातारी झालीय. आणि ट्यूनेबाई, तुम्हीसुद्धा! घरी बसून मोजे विणा."

त्यांनी बाईंना कामासाठी अपात्र ठरवलं आणि मला कपाटात कोंबलं. मी आतल्या आत धुमसत राहिले.

पुढच्या हिवाळ्यात नव्या माणसाने बर्फ मोजलाच नाही. गेल्या वर्षीची तारीख पाहून फांद्या रोवल्या. डॉक्टर बेटावरच्या आपल्या सॉनाकडे, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराकडे, निघाले आणि गाडीसकट पाण्यात गेले. कसेबसे वाचले.

महिन्याभराने डॉक्टर स्वतःच सुजलेले सांधे चोळत बसले. "डोळा लागला की बर्फ तडकतो गं, रौनी." नवी मशीन चौदा म्हणाली. विश्वास बसेना, म्हणून मला बाहेर काढलं. मीही चौदाच दाखवले. रौनीने खात्रीसाठी पुन्हा टोचलं, जरा जोरातच. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता!

डॉक्टरांनी ट्यूनेबाईंना बोलावून घेतलं. "चुकलो. कामावर परत या."

"येते की. पण यंदा रस्ता बंद. आणि का बंद, मला घरी कोणी बसवलं होतं, ते गावसभेत तुम्ही सांगायचं. उभं राहून."

"सगळ्यांसमोर?"

"मला हसलात तेव्हा दार उघडंच होतं, डॉक्टर."

मित्रांनो, आम्हा मशीनना पुसत चला, जपत चला. पण घाबरलेल्या माणसाला हसण्याआधी एकदा बाहेर जाऊन बर्फ मोजा.