डावखुरे दोस्त

वाशीच्या आमच्या सोसायटीत गणपतीत मैदानात पांढरा पडदा बांधून पिक्चर दाखवायचे. शहाऐंशी साली दाखवलेल्या पिक्चरमध्ये दोन रिकामटेकडे दोस्त होते. एकमेकांचे लेंगे ओढायचे, खाणावळवालीकडे फुकट जेवायचे आणि तिच्याच हातचा मार खायचे. बाकी गोष्ट म्हणून काही नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये त्यावरून पुरुषमंडळी हमरीतुमरीवर आली. चेअरमन राजाध्यक्ष कडाडले, "शुद्ध चावटपणा! गणपतीसमोर शोभतं का हे?"

मोहिते म्हणाले, "साहेब, हसून हसून पोट दुखलं आमचं. दिवसभर ऑफिसात मरतो, जरा हसलो तर काय बिघडलं?"

तेवढ्यात आमचे हे उठले. "आपल्या बायकांना किती लाज वाटली असेल, याचा विचार केलात का कुणी? पुढच्या वर्षी संतांचाच पिक्चर आणा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला लाज वाटली, हे यांना सांगितलं कुणी? घरी एका शब्दाने विचारलं नव्हतं!

मी मागच्या बायकांच्या सतरंजीवरून उठले. "अहो, पुढे खुर्च्या टाकून तुम्ही बसता आणि आम्हाला दरवर्षी पडद्यामागे बसवता. तिथून सगळं उलटं दिसतं. ते दोघे दोस्त अख्खा पिक्चर डाव्या हाताने जेवत होते!"

"मग आता म्हणणं काय तुमचं?" राजाध्यक्षांनी विचारलं.

"आधी आम्हाला पुढे बसवा. नाहीतर संत आणलेत, तरी तेही आम्हाला डाव्याच हाताने आशीर्वाद देतील."