साडूच्या बॅगेचं वजन

सासऱ्यांच्या घरात हातांची खुर्ची एकच होती. बाकीची मंडळी कॉटवर, स्टुलावर, नाहीतर खाली सतरंजीवर बसत. त्या एकुलत्या एक खुर्चीवर गेली एकोणीस वर्षं थोरले जावई बसत आले होते. तसा काही ठराव झालेला नव्हता. पण थोरले दारात दिसले की सासूबाई खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे उचलायच्या आणि थोरले बसायचे. त्या रविवारी थोरले पोचले, तर खुर्चीत धाकटा साडू. सासूबाईंनी कॉटवरचे कपडे उचलले आणि म्हणाल्या, "बसा ना, इथेही वारा येतो."

धाकट्याला परदेशात नोकरी लागली होती.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दहा वर्षं लोकांना वर पोचवून आता स्वतःच वर चालला, असं सासरे म्हणाले आणि पोट धरून हसले. निवृत्त पोस्टमास्तर माणूस, विनोदाची सवय नव्हती. एक जमला म्हणून त्या दुपारी त्यांनी तो चार वेळा केला. थोरले मोजत होते. एकोणीस वर्षांत सासऱ्यांनी आपल्यावर एकही विनोद केला नाही, हे त्यांच्या त्याच दिवशी ध्यानात आलं.

थोरल्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत घर. बाजारातले निम्मे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. एकदा एका वाण्यानं चहा पिता पिता विचारलं होतं, काटा थोडा आपल्या बाजूनं झुकेल असं काही करता येईल का. थोरल्यांनी त्याला काट्यासकट बाहेर काढलं. चहाही पुरा होऊ दिला नाही. ही गोष्ट सासऱ्यांपर्यंत पोचली, आणि थोरली लेक त्यांना मिळाली ती त्या अर्ध्या चहावर. "ज्याचा काटा खरा, त्याचं सगळं खरं," असं सासऱ्यांनी तेव्हा जाहीर केलं होतं.

थोरल्यांजवळ आणखी एक भांडवल होतं. सतरा वर्षांपूर्वी काटे बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीचं त्यांना बोलावणं आलं होतं. कुणी परदेशाचं नाव काढलं, की थोरले खुर्चीच्या हातावर हात ठेवून म्हणायचे, "मलाही बोलावलं होतं. पण म्हटलं, इथलं कोण बघणार?" सासूबाई डोळ्यांना पदर लावायच्या. खरी गोष्ट एकट्या थोरलीला ठाऊक होती. फॉर्म आला होता. थोरले रोज संध्याकाळी तो पुढे घेऊन बसायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि पुन्हा लावायचे. तीन आठवड्यांनी मुदत संपली आणि त्या रात्री त्यांना शांत झोप लागली. तिकडच्या थंडीसाठी शिवून घेतलेला लोकरीचा भारी कोट तेवढा कपाटात राहिला.

आता धाकटा खरोखरच जाणार म्हटल्यावर त्या "मलाही बोलावलं होतं"ची किंमत काय राहिली? जो गेला नाही तो एक त्यागी, इथवर ठीक होतं. पण शेजारी जाणारा उभा राहिला की न गेलेला नुसताच न गेलेला दिसतो.

थोरल्यांनी मनाची समजूत घालण्याचे सगळे रास्त मार्ग वापरून पाहिले. नकाशा काढून त्यांनी तो देश शोधला. त्यावर अंगठा ठेवला, तर देश दिसेनासा झाला. एवढासा देश! त्यांना दोन दिवस बरं वाटलं. तोच अंगठा आपल्या घरावर ठेवून पाहायचं काही त्यांना सुचलं नाही. मग काळजीचा मार्ग. तिकडच्या लिफ्ट म्हणे बंदच पडत नाहीत. या बिचाऱ्याला महिन्याभरात घरी पाठवतील. आणि पडल्याच, तर इतक्या पडतील की राबून राबून हाडं खिळखिळी होतील.

"दोन्ही एकदम कसं होईल?" थोरली म्हणाली.

"तिकडे काहीही होतं."

धाकट्याला अठराव्या मजल्यावर खोली मिळणार असल्याचं कळलं, तेव्हा थोरल्यांना जरा आशा वाटली. लिफ्ट बंद पडली म्हणजे समजेल, असं ते म्हणाले. थोरलीनं भांडी विसळता विसळता आठवण करून दिली, की लिफ्ट दुरुस्त करणारा त्याच खोलीत राहणार आहे.

सहा आठवड्यांनी निघायची वेळ आली, आणि अशात बॅगेचा प्रश्न आला. धाकटा एकटाच पुढे जाणार होता. धाकटी सहा महिन्यांनी जाणार. एकच मोठी बॅग, तेवीस किलोंपर्यंत. वर एक किलो झालं, तरी काउंटरवर बॅग उघडायला लावतात आणि सामान काढायला लावतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. सासरे म्हणाले, घरात काटेवाला असताना चिंता कसली? थोरल्यांची छाती फुगली. "तेवढं काम थोरले करतील," असं सासऱ्यांनी पुढे जोडलं आणि त्या 'तेवढं'नं छाती होती तिथे आली.

बॅग रविवारी सकाळी दुकानात यायची होती, विमान सोमवारी दुपारचं. शनिवारी रात्रभर थोरल्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. काउंटर. मागे लांब रांग. धाकट्याची बॅग उताणी. त्यातून एकेक बनियन बाहेर येतंय आणि सासरे बघताहेत. चित्र इतकं सुरेख होतं की त्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

रविवारी एक तास आधी दुकान उघडून त्यांनी मोठ्या काट्याच्या मागची सरकारी सीलची तार तोडली, झाकण काढलं आणि सव्वीस वर्षांच्या धंद्यात जे केलं नव्हतं ते केलं. आता त्या काट्यावर तेवीस किलो ठेवले की तो वीस दाखवणार होता. म्हणजे काटा तेवीस दाखवील तोवर बॅगेत साडेसव्वीस भरलेले असतील. काम नेहमीसारखंच सफाईचं झालं.

दहाच्या सुमाराला सगळं बिऱ्हाड आलं. धाकट्यानं बॅग काट्यावर ठेवली. आकडे वर गेले आणि थांबले. वीस.

"तीन किलो शिल्लक!" धाकटी म्हणाली.

थोरल्यांचा आडाखा इथपर्यंत बिनचूक होता. पण आपल्या माणसांना दुसऱ्याच्या बॅगेतली रिकामी जागा बघवत नाही, आणि त्यात आपली बायकोही येते, हे त्यांनी धरलं नव्हतं. आणखी एक चादर, चपलांचा जोड, सासऱ्यांचा जुना टॉर्च अशी नावं निघू लागली. इतका वेळ गप्प असलेली थोरली मागच्या खोलीत गेली आणि परतली ती हातात कोट घेऊन.

"हा ने रे," ती धाकट्याला म्हणाली. "तीन किलोंच्या आतच असेल. इथे सतरा वर्षं नुसत्या डांबराच्या गोळ्या खातोय."

थोरल्यांनी तोंड उघडलं. पण सासूबाई आधीच म्हणत होत्या की मोठं मन म्हणतात ते हे. धाकट्यानं कोट हातात घेतला, अस्तरावरून हात फिरवला, आणि "दादा, खरंच नेऊ?" असं इतक्या मनापासून विचारलं की थोरल्यांची मान आपोआप हलली. कोट घडी होऊन बॅगेत सगळ्यात वर बसला. काटा म्हणाला, साडेबावीस.

"झक्कास," सासरे म्हणाले. "उद्या त्या काउंटरवाल्याला मी स्वतः सांगणार आहे. म्हणावं, आमच्या जावयाच्या काट्यावर मोजलंय. बघ तुझा काटा बरोबर आहे का."

आदली रात्रभर थोरल्यांनी एकच चित्र रंगवलं होतं, आणि त्यात आपला काटा कुठेच नव्हता. उद्या दोन काटे समोरासमोर येणार होते. त्यातला एक खोटा ठरणार होता, आणि तो विमानतळावरचा नव्हता. बॅग उघडल्यावर पहिल्यांदा बाहेर येणार होतं तेही धाकट्याचं बनियन नव्हतं, थोरल्यांचा कोट होता.

"काटा चुकतोय," थोरले म्हणाले.

कुणी ऐकलंसं दिसलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. सासरे हसले, जावई आज गमतीत आहेत, असं त्यांना वाटलं. हा काटा चुकतो म्हणजे सूर्य उशिरा उगवतो म्हणण्यासारखं होतं. थोरली मात्र हसली नाही.

"कोट द्यायचा नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "काट्याला कशाला मध्ये आणता?"

सव्वीस वर्षं खरं तोलून जमवलेली पत अशी अंगावर आली. शेवटी थोरल्यांनी बॅग खाली घेतली, फडताळातली दहा-दहा किलोंची दोन प्रमाणित मापं उचलली आणि काट्यावर ठेवली. सतरा किलो चारशे.

पोस्टात उभ्या आयुष्यभर पार्सलं तोललेल्या सासऱ्यांना यापुढे समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं.

धाकटा वाकला आणि त्यानं काट्याची मागची बाजू पाहिली. तुटलेल्या तारेचं टोक चकचकत होतं. स्क्रूवर स्क्रूड्रायव्हरचा ताजा ओरखडा होता. यंत्राला कुणी, कधी आणि कशानं हात लावला हे ओळखण्यावरच त्याचं पोट होतं. त्यानं थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिथे गेलाच महिना लटकत होता.

"व्होल्टेज, मामा," धाकटा सरळ होत सासऱ्यांना म्हणाला. "आमच्या लिफ्टचंही होतं. तिसरा दाबला की पाचव्यावर जाते. त्यात माणसाचा दोष नसतो."

लिफ्टवाल्यानंच सांगितलं म्हणजे प्रश्न मिटला. सासऱ्यांनी व्होल्टेजच्या नावानं चार शब्द सुनावले. थोरली नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. ती या व्होल्टेजला सतरा वर्षांपासून ओळखत होती. थोरल्यांना हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही असतं. पण ज्याला पाडायला निघालो त्यानंच उचलून धरावं, आणि तेही इतक्या सहज, की जणू रस्त्यात पडलेली टोपी ज्याची त्याला देऊन टाकावी! परदेशाचा हेवा परवडला होता. हा नवा हेवा घेऊन बसायचं कुठे?

त्यांनी सगळ्यांदेखत काटा नीट केला, मापं ठेवून दाखवली, मग बॅग ठेवली. पंचवीस किलो नऊशे.

"कोट काढू या," थोरले जरा जास्तच लगबगीनं म्हणाले.

"काढू या," धाकटा म्हणाला, आणि काढून त्यानं तो अंगात घातला. "अंगावरचं कुणी मोजत नाही."

बाह्या बरोबर मनगटावर आल्या. शिंपी जणू धाकट्याचंच माप घेऊन सतरा वर्षं वाट बघत बसला होता. बॅग भरली ठीक तेवीस किलो.

मंडळी पुढे गेली. बॅग दुकानाच्या पायरीवरून उतरवताना दोघे साडूच मागे राहिले. धाकट्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते; कोट त्यानं अजून उतरवला नव्हता. काट्याविषयी तो आता बोलणार, असं थोरल्यांना वाटलं. त्यापेक्षा आपणच बोललेलं बरं.

"मी फॉर्मच भरला नव्हता," ते म्हणाले. "तेव्हा. इथलं कोण बघणार वगैरे काही नाही."

धाकट्यानं बॅग खाली ठेवली. "मी भरला," तो म्हणाला. "सही करताना तीनदा पेन खाली ठेवलं, दादा."

"मग?"

"चौथ्यांदा उचललं."

एवढंच. यात परदेश नव्हता, नशीब नव्हतं, वशिला नव्हता. म्हणजे नावं ठेवायला काहीसुद्धा नव्हतं. सहा आठवडे थोरले ज्या गोष्टीवर जळत होते, ती एकदा पेन उचलण्याएवढी होती.

सोमवारी दुपारी विमानतळावर बॅग पट्ट्यावर गेली. काउंटरवरच्या पडद्यावर आकडा उमटला, बरोबर तेवीस. सासऱ्यांनी तो वाकून, चष्मा वर-खाली करून दोनदा वाचला आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, "तुमचाही काटा बरोबर आहे." मग थोरल्यांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप थोरल्यांनी कुणा दुसऱ्याचं टपाल चुकून हाती यावं तशी घेतली.

भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट घातलेला धाकटा सगळ्यांच्या पाया पडला. थोरल्यांच्याही. मग तो काचेच्या दारापलीकडे गेला आणि पाठमोरा चालू लागला. तीच खांद्याची ठेवण, पाठीवरची तीच शिवण. थोरलीनं मान तिरकी करून पाहिलं.

"मागून अगदी तुम्हीच चालल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

धाकट्याचं तोंड दिसत नव्हतं तोवर थोरल्यांना धाकट्याचा हेवा वाटेना. ते आता कोटावर जळत होते. सतरा वर्षं त्यांच्या शेजारी, त्यांच्याच कपाटात, त्यांच्याइतकाच गप्प बसलेला तो कोट, आणि आज बघा कसा मागे वळूनही न बघता चालला होता.

तिथून सगळे सासऱ्यांकडे आले. सासूबाईंनी लगोलग हातांच्या खुर्चीवरचे कपडे उचलले आणि थोरल्यांकडे पाहिलं. थोरले खुर्चीपर्यंत गेले, तिच्या हातावर हात ठेवून क्षणभर थांबले, आणि कॉटवर जाऊन बसले. वारा काही तिथे येत नव्हता. सासूबाईंनी उगीच सांगितलं होतं.