मागची गाडी

“दाजी, हॉर्न नका मारू हो! असलेला दमही जातो!”

मेहुणा सायकलवरून मागे न बघताच ओरडला. दाजींनी हॉर्नवरचा हात काढला, पण हसू काही आवरलं नाही. घाटाचा शेवटचा चढ होता. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला कातळ, मधे मेहुण्याची घामाने चिंब झालेली पाठ आणि तिच्यामागे पहिल्या गियरमध्ये कण्हत चाललेला दाजींचा टेम्पो.

थंडी सरता सरता दरवर्षी या डोंगरातून सायकलींची फेरी निघायची. लांबलांबून माणसं यायची, छाती फुटेस्तोवर घाट चढायची आणि खिंडीत लावलेल्या कमानीखालून गेली की जग जिंकल्यासारखी एकमेकांना मिठ्या मारायची. दाजी एरवी फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो चालवायचे. त्या एका दिवशी त्यांचा टेम्पो ‘मागची गाडी’ व्हायचा. सगळ्यांच्या मागून जायचं, ज्याचे पाय बोलायला लागतील त्याला सायकलीसकट उचलून घ्यायचं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा. अंगाने गोलमटोल, स्वभावाने लोण्याचा गोळा. त्याला ‘बुलेट’ हे नाव दाजींनीच ठेवलं होतं. दरवर्षी तो मोठ्या हौसेने निघायचा आणि अर्ध्या घाटात निमूटपणे टेम्पोच्या बंद हौद्यात येऊन बसायचा. त्या दिवशी जेवताना दाजींना नुसता ऊत यायचा. “आमचा बुलेट यंदा कुठे विझला, माहितीये का?” एवढं म्हटलं की बायकोपोरं पोट धरून हसायची. मेहुणाही हसायचा. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा.

यंदा मात्र तो विझत नव्हता. वर्षभर दुकानात सायकलनेच गेला होता, जेवण निम्म्यावर आणलं होतं. त्याच्यापेक्षा दणकट गडी एकेक करून टेम्पोत येऊन बसले होते आणि हा आपला गोगलगायीसारखा वर सरकत होता.

“अहो, घ्या ना त्याला आत,” मागून कोणीतरी कुरकुरलं. “पोटात कावळे ओरडताहेत इथे. तो काय पोहोचतोय?”

तेवढ्यात आयोजक बाईंचा फोन आला. “मागे कोण राहिलंय?”

“एकच. आमचा मेहुणाच आहे.”

“येऊ दे त्यांना सावकाश. कमान काढलेली नाही आम्ही. सगळे थांबलोय.”

“बरं,” म्हणून दाजींनी फोन ठेवला.

मेहुणा वळणाच्या अलीकडे पाणी प्यायला थांबला. एक पाय जमिनीवर टेकलेला, पोटरी थरथरत होती. दाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“चल, बस आता गाडीत.”

“नाही दाजी, जमतंय मला. किती राहिलं?”

रस्ता दाजींना तोंडपाठ होता. एवढं वळण घेतलं की चढ संपत होता. पुढे सायकल आपसूक घरंगळत कमानीपर्यंत गेली असती.

“बरंच आहे अजून,” दाजी म्हणाले. “आणि वेळही संपली. आत्ताच फोन आला होता. वरचे सगळे आवरून निघाले.”

“थोडं थांबा म्हणून सांगून बघू?”

“कोणाला सांगतोस? तिथे चिटपाखरू नाहीये.”

मेहुणा क्षणभर रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच सायकल उचलून टेम्पोत चढवली आणि हेल्मेट मांडीवर घेऊन दाजींच्या शेजारी येऊन बसला.

टेम्पोने वळण घेतलं. कमान उभी होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं ताटकळत उभी होती. इंजिनाचा आवाज आला तशी त्यांनी टाळ्यांना सुरुवात केली, कोणी शिट्टी मारली, कोणी रिकामा डबा बडवायला घेतला. मग टेम्पोच्या पुढे कोणीच नाही हे एकेकाच्या लक्षात आलं आणि टाळ्या विरत गेल्या.

बाई धावत खिडकीशी आल्या. “अरेरे! इथवर येऊन? तुमच्यासाठीच थांबलो होतो हो आम्ही!”

मेहुण्याने दाजींकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग तो बाईंना म्हणाला, “पायच आखडले हो. दाजी होते म्हणून निभावलं.”

घरी त्याच्या ताईने विचारलं तेव्हाही त्याने हेच सांगितलं. ताटं वाढली गेली. मुलगी लाडात येऊन म्हणाली, “बाबा, सांगा ना, मामा यंदा कुठे विझला?”

“जेव गुपचूप,” दाजी खेकसले. पोरगी बावरली. मेहुण्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दाजींनी स्वतःला पुष्कळ समजावलं. भूक लागली होती, कंबर मोडून आली होती, मागच्यांची कटकट होती. सगळं खरं होतं. पण तो कमानीखालून गेला असता तर जेवताना सांगायला काय उरलं असतं, हा विचार त्या वळणावर मनाला शिवून गेला होता, तेही खरं होतं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही.

मेहुणा पूर्वीसारखाच घरी येत राहिला. सायकल तेवढी त्याने देऊन टाकली होती. पुढच्या फेरीचे फलक लागले तेव्हा दाजींना राहवेना. ते औषधांच्या दुकानात गेले.

“ताईच्या गोळ्या संपल्या का?” मेहुण्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता खण उघडला.

“यंदा ये तू,” दाजी म्हणाले. “सायकल मी आणतो कोणाची तरी.”

“नको हो दाजी. आता नाही जमायचं.”

“त्या दिवशी घाटात मी...”

मेहुणा गोळ्या कागदात बांधत होता. मान वर न करता त्याने हळूच विचारलं, “वळणापुढे उतार आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?”

“हो,” ते म्हणाले.

“वाटलंच मला.” त्याने पुडी दाजींच्या हातात दिली. “रात्री जेवणानंतर घे म्हणावं. रिकाम्या पोटी नको.”

दाजींच्या मागे दोघंतिघं खोळंबली होती.

“बोला, तुम्हाला काय?” मेहुण्याने पुढच्याला विचारलं, आणि दाजी बाजूला सरले.