सरकारचा पट्टा

घड्याळजींनी चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण कुठल्याही घड्याळानं त्यांचं डोकं असं फिरवलं नव्हतं. परसात सहा टर्की होत्या. त्यांतले नर किती आणि माद्या किती, हे शनिवारच्या आत ठरवायचं होतं.

शनिवारची मुदत शेजारणीनं दिली होती. ती रात्रपाळीची नर्स. सकाळी नऊला झोपायची, आणि तिच्या खिडकीपासून परसाची भिंत हातभर. टर्कीचा नर दिवसातून पन्नासदा गुडगुडतो. तीन आठवडे तिनं सोसलं आणि मग सुजलेल्या डोळ्यांनी दारात येऊन उभी राहिली.

"काका, माद्या खुशाल ठेवा. पण नर एकही नको. नाहीतर मला तक्रार करावी लागेल, मग सगळ्याच जातील."

यात तिचं काय चुकलं? काहीच नाही, आणि घड्याळजींना राग आला तो त्याचाच.

नर खाटकाकडे जाणार होते. त्याचं त्यांना फार वाटत नव्हतं. नर खायला, माद्या अंड्यांना, हे पिल्लं आणली तेव्हाच ठरलं होतं. त्यांचा जीव अडकला होता तो सरकारमध्ये.

सरकार म्हणजे या सहांतलंच एक. पिल्लू असताना बाकीच्यांनी टोचून अर्धमेलं केलेलं. घड्याळजींनी त्याला खोक्यात घालून कामाच्या टेबलावर, दिव्याच्या उबेत पंधरा दिवस ठेवलं होतं. आता ते गुडघ्याएवढं झालं होतं. घड्याळजी परसात स्टुलावर बसले की समोर यायचं, त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकायचं आणि मान खाजवून घेतल्याशिवाय हलायचं नाही. म्हणून सरकार.

त्यात घरात भाषेचा घोळ. बायको शिलाई मशीनवर बसल्या बसल्या खिडकीतून सांगायची, "अहो, ती मोठी बघा कशी फुगलीय."

"तो. नर आहे तो. फुगलाय म्हण."

"टर्की ती. शब्दच तसा आहे, त्याला मी काय करू?"

"शब्द गेला खड्ड्यात. पक्षी बघ."

घड्याळजींनी काम हाती घेतलं ते आपल्या पद्धतीनं. डोळ्याला भिंग लावून अडुसष्टाव्या वर्षी ते पक्ष्यांच्या मागे वाकून फिरले. नराची विष्ठा लांब, टोकाला आकड्यासारखी वळलेली, आणि मादीची गोळा झालेली. मादीच्या छातीच्या पिसाला पांढरी कड, नराच्या पिसाचं टोक काळं. त्यांनी प्रत्येकीची तंगडी व्हर्नियरनं मोजली, हातांवर ओरखडे काढून घेतले, दोनदा चिखलात बसले. मग जुने घड्याळाचे पट्टे काढले. नराच्या पायात काळा, मादीच्या पायात तपकिरी. तीन काळे बांधून झाले, दोन तपकिरी झाले. राहिलं सरकार.

सरकारची विष्ठा आकड्यासारखी. पोट बिघडलं असेल, घड्याळजी म्हणाले. पिसाचं टोक काळं. धूळ बसली असेल. त्यांनी ते पीस साबणानं धुतलं. काळं ते काळंच. तंगडी सगळ्यांत मोठ्या नरापेक्षा जेमतेम सूतभर कमी. त्यांना स्वतःचाच संताप आला.

मशीन थांबवून बायको म्हणाली, "लोकांच्या घड्याळातली केसाएवढी धूळ दिसते तुम्हाला."

"ती एकदाही ओरडली नाही. कधी पिसारा फुलवला नाही. म्हणजे मादीच."

बायकोनं पुन्हा मशीन सुरू केलं. बायकी घड्याळाचा तपकिरी पट्टा सरकारच्या पायाला पुरेना. घड्याळजींनी पुरुषी घड्याळाचा तपकिरी पट्टा शोधून काढला आणि तो शेवटच्या भोकात अडकवला.

शनिवारी खाटीक तिघांना घेऊन गेला. जाताना सरकारकडे बघून म्हणाला, "आणि हा?"

"ती मादी आहे."

खाटकानं आधी त्या तंगडीकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे. "बरं," म्हणाला.

रविवार शांत गेला, सोमवारही. सोमवारी संध्याकाळी नर्स भिंतीवरून म्हणाली, "काका, दोन दिवस अगदी मेल्यासारखी झोपले हो." कित्येक दिवसांनी तिचा चेहरा माणसासारखा दिसत होता.

मंगळवारी अकराच्या सुमारास सरकारनं मांडीवरची हनुवटी उचलली. दोन पावलं मागे गेलं. शेपटीचा पंखा उघडला, पंख जमिनीला घासले, आणि असं गुडगुडलं की घरातलं मशीन थांबलं. मोठ्या तिघांच्या धाकानं इतके दिवस तोंड मिटून होतं. आता परसाचा मालक तेच.

"गप्प," घड्याळजी ओरडले. टर्कीला मोठा आवाज म्हणजे हाकच. सरकारनं ओ दिली. "गप्प बस, मूर्खा." पुन्हा ओ दिली. घड्याळजी जितके चिडत होते तितकं सरकार आनंदानं उत्तर देत होतं.

शेजारची खिडकी उघडली. नर्स केस विसकटलेली, डोळे अर्धे मिटलेले. "काका, ती ओरडली का आत्ता?"

"नाही गं, रस्त्यावरनं गाडी गेली," आतून बायकोनं ठोकून दिलं. ती कधी खोटं बोलत नसे.

नर्सला तेवढं पुरेसं होतं. तिचा हात खिडकीच्या कडीवर गेला. घड्याळजींनी नुसतं गप्प राहायचं होतं. सरकार पिसारा मिटून परत आलं आणि त्यानं मांडीवर हनुवटी टेकली.

"ती नव्हे," घड्याळजी म्हणाले. "तो ओरडला. नर आहे तो. मला माहीत होतं."

नर्सनं खिडकी हळूच लावली.

घड्याळजी पट्टा सोडायला खाली वाकले. तपकिरी पट्टा मादीचा, खाटीक येण्याआधी तो काढायलाच हवा होता. केसासारखी स्प्रिंग बसवणारी त्यांची बोटं, पण त्यांना ते बक्कल काही निघेना. पाय हातात देऊन सरकार मुकाट उभं होतं. बायको येऊन शेजारी बसली आणि तिनं त्यांचा हात बाजूला केला.

"राहू द्या पट्टा," ती म्हणाली. "त्याचाच आहे तो."

त्याचाच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बरोबर बोलली, आणि घड्याळजींना ते ऐकवलं नाही.